दातांचा रकाना

माझा राग नाकावर असतो असं घरातले म्हणतात. असेल. पण त्या दिवशी तो नाकावर नव्हता, पार मस्तकात गेला होता, आणि त्याला कारण होतं.

आमच्या दादाच्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण हाड पोखरत चालली होती. अर्धा जबडा काढायचा, पायातलं बारीक हाड घेऊन त्याचे तीन तुकडे करायचे आणि ते त्या जागी बसवायचे, असं ठरलं. कुठे कापायचं, किती तिरकं कापायचं, हे सगळं आधी कंप्यूटरवर. मग त्या मापाचे साचे छापून येतात आणि डॉक्टर साच्यांच्या फटींतून करवत चालवतात. एकदा छापले की फेरफार नाही, आणि फाइल त्याच दिवशी पाच वाजता छपाईला जाणार होती.

मी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात गेली बारा वर्षं दात बनवते. दातांच्या रकान्यात माझी सही झाल्याशिवाय फाइल पुढे जात नाही, एवढीच काय ती माझी सत्ता.

कंप्यूटरवर हाडं कापणाऱ्या आमच्या माणसाला सगळे सुतार म्हणतात. तीनच्या सुमारास त्याने मला आराखडा दाखवला.

"बघा ताई, काय दिसतोय!"

दिसत होता खरा. खालची कड अगदी दादाच्या लग्नाच्या फोटोतली. मी खणातून दादाच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल काढलं. शिकत होते तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात मी ते मापाचं मिश्रण कोंबलं होतं. दादा ओकला होता आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. सुताराने मॉडेल स्कॅन करून जबड्यावर बसवलं. वरचे दात जिथे टेकायला हवेत, तिथून नवं हाड दीड बोट खाली होतं.

"यावर मी दात उभे कसे करू?" मी म्हटलं. "हाडात स्क्रू बसणार, स्क्रूवर दात. एवढे लांबलचक दात केले तर पहिल्या कडक घासाला डुगडुगतील. हाड वर घ्या."

"वर घेतलं की खालची कड जाते. गाल आत बसलेला दिसेल." सुतार जरा घुटमळला. "हाडाची घडी घालून दोन मजले करता येतात. वरही हाड, खालीही हाड. पण मोठे डॉक्टर नको म्हणाले."

मी जिने चढत वर गेले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. मोठे डॉक्टर दोन ऑपरेशनच्या मधे चहा पीत होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

"दातांचं नंतर बघू," ते म्हणाले.

या तीन शब्दांवर माझा किती राग आहे ते मी सांगते. 'दातांचं नंतर बघू' म्हणून पाठवलेली माणसं माझ्याकडे खाली येतात. सुरेख जबडे असतात त्यांचे. हाड जुळलेलं, टाके दिसत नाहीत, कागदावर 'यशस्वी' लिहिलेलं. आणि मला सांगावं लागतं की यावर दात बसणार नाहीत. वाईटपणा माझ्या वाट्याला, टाळ्या यांच्या! एक बाई तर सहा वर्षं सगळं मिक्सरमधून काढून पीत होती. सफरचंदाचा नुसता वास घेते म्हणाली.

"नंतर म्हणजे कधीच नाही," मी म्हटलं, आणि आवाज चढलाच. "जबडा चावायला असतो, डॉक्टर. फोटोला नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या भावालाच विचारा. दात नकोत, असं त्यांनीच सांगितलंय."

मी तशीच मागे वळले.

साडेचारला मी वॉर्डात पोचले. दादा खिडकीशी बसून शाळेच्या वह्या तपासत होता. ऑपरेशन परवावर आलं आणि हा गणितं तपासतोय!

"तू दात नकोत म्हणालास?"

"म्हणालो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

आठ दिवस मी त्याच्या जबड्याचा स्कॅन पडद्यावर गरागरा फिरवत होते. खरंच विचारलं नव्हतं.

"अगं, मोठे डॉक्टर राउंडला आले होते," तो म्हणाला. "मागे सातआठ जण. चालता चालता म्हणाले, चेहरा सांभाळायचा की दात? एकच जमेल. वर्गातली पस्तीस पोरं दिवसभर माझ्या तोंडाकडे बघतात. खाताना मला कोण बघतंय? म्हटलं, चेहरा."

मला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. डॉक्टरांवर, त्या सातआठ जणांवर, याच्या शहाणपणावर, स्वतःवर. समोर होता तो दादा, म्हणून त्याच्यावर काढला.

"ठीक आहे! मर पातळ पीत!"

मी पिशवीतून माझ्या सहीचा फॉर्म ओढून काढला. 'दात बसवण्याची इच्छा: आहे / नाही.' मी 'नाही'वर अशी खूण केली की कागद फाटला.

दादाने मान वाकडी करून वाचलं.

"हे काय केलंस?"

"तूच म्हणालास ना?"

"नकोत म्हणालो गं. इच्छा नाही असं कधी म्हणालो?" आता त्याचाही आवाज चढला. वह्या खाली घसरल्या. "इच्छा नाही म्हणे! एका बाजूने चावून चावून जीव गेलाय माझा. शेंगदाणे खाऊन वर्ष झालं. इच्छा नसायला मी काय दगड आहे?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"दादा," मी म्हटलं, "हाडाची घडी घालता येते. दोन मजले. चेहराही राहतो, दातही बसतात. हे सांगितलं होतं त्यांनी?"

"कसली घडी?"

मी तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, त्याला दात हवेत. चेहराही हवा. दोन मजले करायचे."

"त्याला दोन तास जास्त लागतात. घडी घालताना रक्ताची नळी पिळली गेली तर अख्खं हाड वाया जाईल. हा धोका मी का घेऊ?" मग ते सावकाश म्हणाले, "आणि हा धोका तुम्ही त्यांना सांगितलात का?"

नव्हता सांगितला. मीही फक्त चांगलं तेवढंच सांगितलं होतं.

दादाने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"ज्याचं तोंड आहे तो बोलतोय," तो म्हणाला. "आता मला सांगा. पहिल्यापासून, आणि बसून."