ताप नाचवणारी बासरी

म्हसावदच्या बाजारात त्या दिवशी मिरची, गूळ, बैल सगळं बेवारस पडलं होतं. माणसं चंपालालच्या दुकानाच्या ओट्यापुढे एकमेकांच्या पायावर उभी होती. ओट्यावर चंदनगिरी महाराज, त्यांच्या पुढ्यात मातीची घागर, घागरीच्या तोंडावर ताणून बसवलेला पतंगाचा कागद, त्यावर चिमूटभर मोहरी. हिवतापाच्या रोग्यानं घागरीवर फुंकर मारायची, महाराजांनी चंदनाची बासरी वाजवायची, की मोहरी टणाटण उडायची.

"ताप नाचतोय, बच्चा. चंदन थंड, ताप गरम. मात्र कोयनेल बंद. त्या कडूपणानं ताप आत दडून बसतो."

गर्दीतला गिरधर हसला. कापसाचा धागा ओढून पाहिल्याशिवाय भाव न बोलणारा हा व्यापारी. त्याची बायको जमनाबाई घरी गोधडीखाली कुडकुडत होती आणि रतिलाल मास्तरांनी शहाद्याच्या दवाखान्यातून आणून दिलेल्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, गोळ्या घेत होती.

"मी तपासी देखसू," तो म्हणाला.

त्यानं भिला गुराख्याला पुढे ओढलं. भिलानं आपली हातभर लांब बांबूची बासरी वाजवली. मोहरी ढिम्म.

"बांबू तो. त्याला गुरं ओळखतात, ताप नाही," महाराज म्हणाले आणि स्वतःची वीतभर बासरी त्यांनी भिलाच्याच हाती दिली. मोहरी उडाली.

गर्दी गिरधरच्या तोंडाकडे पाहू लागली.

"लाकूडमाच गुन शे," गिरधर म्हणाला.

गावाला एवढं पुरलं. महाराजांवर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचाही गिरधरवर होता. घरोघरच्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या. जमनाबाईच्या गोळ्या गिरधरनं स्वतः टाकल्या.

मास्तर शाळेच्या कामानं धुळ्याला गेले होते. पुढच्या बाजारी ते परतले, तोवर जमनाबाई माणसं ओळखेनाशी झाली होती. मास्तरांनी डॉक्टरला आणायला बैलगाडी पिटाळली आणि गिरधरला तसंच ओट्याकडे नेलं. वाटेत त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि पपईच्या पानाचं एक लांब पोकळ देठ तोडून घेतलं.

"हाई काय, मास्तर? भाजी?" कुणीतरी विचारलं.

"बासरी."

मास्तरांनी देठाचा भिलाच्या बासरीएवढा तुकडा कापला, त्याच मापानं भोकं पाडली आणि फुंकलं. मोहरी ढिम्म. लोक खिदळले. मग 'पाया पडतो' म्हणत त्यांनी महाराजांची बासरी मागून घेतली, तिच्या शेजारी उरलेलं कोरं देठ ठेवून तेवढंच कापलं, तशीच भोकं पाडली. पुन्हा फुंकलं. मोहरी चंदनाला नाचली तशीच पपईला नाचली.

"सूर लाकडाचा नाही, आतल्या हवेचा," मास्तर म्हणाले. "नळी लांब, सूर जाड. नळी आखूड, सूर बारीक. महाराजांनी कागद आपल्या बासरीच्या सुरावर बेतून ताणलाय. तोच सूर कशातूनही काढा, कागद थरथरतो. घागरीत ताप नाही. ताप जमनाबाईच्या अंगात आहे."

महाराजांनी डोळे मिटले. "पपईतही ईश्वर आहेच."

गर्दीतली एक बाई पुढे आली. "मास्तर, मंग मन्हा पोरना ताप या देठवरीच उतारी द्या ना."

मास्तर खाली बसले.

डॉक्टर गिरधरच्या घरी आला. सुई टोचली, नाडी धरून बसला, मग हात हळूच गोधडीवर ठेवला. जमनाबाई दिवेलागणीला गेली.

महाराज तोवर नवापूरच्या वाटेला लागले होते. बासऱ्या करण्यासाठी गावातल्या पपयांची देठं संध्याकाळपर्यंत संपली.

दहाव्याला शेजारचा उखा भेटायला आला. त्याच्या घरीही पोर तापानं अंथरुणाला खिळलं होतं. "गिरधरभाऊ, तू तपासं व्हतं ना. म्हनीसन आम्हीन गोळ्या टाकी दिन्ह्यात."

"तपासं व्हतं," गिरधर म्हणाला. "लाकूड बदललं, लांबी बी बदलली, आणि यश दिलं लाकडाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, उखा. भिलाची बासरी कापली असती तर मन्ही जमना आज घरात असती."

उखा भिंतीला टेकून बसला.

"बसू नको. गाडी जुंप," गिरधर म्हणाला. "शहाद्याले जा, गोळ्या आन. आणि तुन्हा पोरले त्या मन्हा सांगावर देऊ नको. डॉक्टरले इचार, पोरना ताप देख, मंग दे."