सहीपुरता भाऊ

"पानं मांडायला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात सही करून टाक, म्हणजे माझ्या डोक्याचा ताप गेला," असं म्हणत प्रमोददादानं कागद दत्तात्रयच्या पुढ्यात सरकवला. वर पेन ठेवलं. पेनचं टोपणसुद्धा आधीच काढून ठेवलेलं होतं.

दत्तात्रयनं कागदाला हात लावला नाही. तो काकांच्या, म्हणजे प्रमोददादाच्या वडिलांच्या, श्राद्धाला आला होता. हैदराबादच्या मलकपेठेहून हिमायतनगरपर्यंत दोन बसगाड्या बदलून, इस्त्रीचा पांढरा शर्ट सांभाळत आला होता. अंगणातल्या नळावर पाय धुऊन आत टेकतो न टेकतो, तोच हे.

तसं त्यात नवीन काहीच नव्हतं. गेली पस्तीस वर्षं या घरात त्याचं स्वागत 'आलाच आहेस तर' या शब्दांनीच होत आलं होतं. दादाच्या मुलाच्या, निखिलच्या मुंजीत आलाच आहेस तर पंखा बघ, अलकावहिनीच्या डोहाळजेवणाला आलाच आहेस तर गीझर बघ. काकू गेल्या त्या दिवशी तिरडी बांधून व्हायची होती, आणि कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावून म्हणालंच, दत्ता, मागचा दिवा लागेना झालाय. त्यानं डोळे पुसले, स्टुलावर चढला आणि दिवा लावून दिला. आहेराच्या पिशवीतसुद्धा टेस्टर घेऊन जाणारा माणूस होता तो. लोकांनी तरी का सोडावं?

या खानदानात निजामाच्या अमदानीपासून कुणी महसूल खात्यात, कुणी वकील, कुणी मास्तर. वायरमन एकटा दत्तात्रय. बाप वारला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. भगवंतराव काका त्याला बोट धरून या घरात घेऊन आले. काका हेडमास्तर होते आणि पुतण्या मॅट्रिकला दोनदा आपटला, तेव्हा कुणाला काय वाटलं असेल ते असो, पण काकांनी त्याला मारलं नाही. स्कूटरच्या मागे बसवून आयटीआयला नेलं आणि फॉर्म स्वतः भरला. पुढं परीक्षा देऊन त्यानं सरकारी परवाना मिळवला. तरीही पाहुण्यांशी ओळख करून देताना काका एवढंच म्हणत, "हा आमचा दत्ता. घरातलं विजेचं सगळं बघतो." परवान्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. ते उपकार आणि तो डंख, दोन्ही घेऊन दत्तात्रय एकसष्ट वर्षांचा झाला होता.

"कसली सही?" त्यानं विचारलं.

"अरे, तीन एसी बसवलेत ना. लोड वाढवून घ्यायचाय. ते वीज ऑफिसवाले म्हणतात, वायरिंग तपासलंय, अर्थिंग ठीक आहे, असं परवानावाल्याकडून लिहून आणा. म्हटलं, आपला दत्ता आहे की."

"काम कुणी केलं?"

"ॲपवरून दोघं आले होते. निखिलनं बेंगळूरला बसल्या बसल्या बुक केले. दोन दिवसांत सगळं घर नवं करून गेले. एकदम साफ काम."

"मला नाही सांगितलंस."

प्रमोददादा हसला. हायकोर्टात तीस वर्षं वकिली केलेला माणूस; ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल त्याला तो आधी हसून घेत असे. "तू आता साठी उलटलेला. उगीच शिडीवर चढवून तुला परेशान कशाला करायचं? आणि घरच्या माणसाला काम दिलं की काही बोलता येत नाही, बघ."

म्हणजे कामाला परके आणि सहीला घरचा. दत्तात्रयची कानशिलं तापली, पण आज काकांची तिथी होती. त्यानं आवाज खाली ठेवला.

"अर्थिंग कुठं दिलंय त्यांनी?"

"दिलंय काय, आहेच की. तू नाही का अंगणात खड्डा खणला होतास?"

"त्या खड्ड्यावर फरशी घालून तू गाडी उभी केलीस दादा. आत्ता पाय धुताना बघितलं. वायर कुठून वर आली?"

"आली असेल कुठून तरी. सगळं चालू आहे ना?"

"मग मला एकदा बोर्ड उघडून बघू दे. मेन बंद करावा लागेल."

"आज?" प्रमोददादाचं हसू संपलं. "आत दोन ब्राह्मण बसलेत. स्वयंपाक अर्धा व्हायचाय. तू काय अंधार करणार आहेस घरात? काय करायलास दत्ता? बाहेरच्या इन्स्पेक्टरसारखा तपासायला तू परका आहेस का? बाबा असते तर त्यांच्यापुढं असं बोलला असतास?"

दत्तात्रयनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. काकांच्या फोटोला ताजा हार होता.

खरं सांगायचं तर त्यानं पेन उचललं. हे त्यानं पुढं स्वतःपासूनही लपवलं नाही. परवान्याचा नंबर त्याला पाठ होता, तो त्यानं वरच्या चौकटीत लिहिला. तारीख घातली. सहीच्या रेघेवर पेन टेकलं.

तेवढ्यात मागून किंकाळी आली. पाठोपाठ बादली आपटल्याचा आवाज आला.

दत्तात्रय पळतच मागच्या बाजूला गेला. धुण्याच्या जागी पाणीच पाणी झालं होतं आणि सत्यवती भिंतीला चिकटून उभी होती. वीस वर्षं या घरात धुणीभांडी करणारी बाई. साडी खोचलेली, पाय उघडे, उजवा हात डाव्या हातानं गच्च धरलेला. वॉशिंग मशीन आपलं घरघरत होतं.

"करंट मारा क्या?"

"हौ अन्ना. कंधे तक गया."

दत्तात्रयनं भिंतीवरचा स्विच बंद केला. स्वयंपाकघराच्या दारातून सोवळ्यातल्या अलकावहिनीनं बाहेर न येताच विचारलं, "काय झालं ग? पाटावर उभी नव्हतीस का?"

"पाट पंगतकू लेके गए ना अम्मा. मैं बोली थी, कपडे कल डालती. तुम बोले आजिच होना."

"कोणता पाट?" दत्तात्रयला कळेना.

"अहो भाऊजी, त्या मशीनला जरा झिणझिण्या येतात," वहिनी म्हणाली. "म्हणून आम्ही समोर लाकडी पाट ठेवलाय. त्यावर उभं राहिलं की काही होत नाही. आज ब्राह्मणांना बसायला एक कमी पडला."

"किती दिवस येतात झिणझिण्या?"

उत्तर सत्यवतीनं दिलं. "दो महीने से. वो दो लोगां काम करके गए, तब से. पहले हल्लू मारता था. आज जोर का मारा."

दोन महिने! दत्तात्रयनं पिशवीतून पेचकस काढला, मेन स्विच खाली ओढला आणि मशीनचा सॉकेट उघडला. आतून ब्राह्मणांनी "अहो, लाईट गेली वाटतं," असं म्हटलेलं ऐकू आलं. त्यानं लक्ष दिलं नाही. सॉकेटच्या आत त्याला हवं ते, म्हणजे नको असलेलं, लगेच दिसलं. अर्थच्या पिनेला जमिनीकडून आलेली वायरच नव्हती. तिच्याऐवजी चार बोटं लांबीचा लाल वायरचा तुकडा त्या पिनेपासून शेजारच्या न्यूट्रलला जोडून दिला होता. वरून तपासणीचा दिवा लावून बघितलं तर अर्थिंग असल्यासारखंच दिसतं. पण न्यूट्रल कुठं सैल झाला, की तोच करंट उलटा फिरून मशीनच्या पत्र्यात उतरतो आणि हात लावणाऱ्याची वाट बघत बसतो. तीन एसींच्या ओझ्यानं न्यूट्रल सैल झालाच होता. त्याचं टोक काळं पडलं होतं.

प्रमोददादा धोतर सावरत येऊन उभा राहिला. "दत्ता, तुला काही काळवेळ?"

"हे बघ." दत्तात्रयनं तो तुकडा उपटून त्याच्या डोळ्यांपुढं धरला. "हे तुझं साफ काम. आणि शॉक बसला की आपोआप पडणारा स्विच कुठंय? मी बसवला होता मेनच्या शेजारी."

"तो सारखा पडायचा. म्हणून त्या पोरांनी काढून टाकला."

"पडायचा म्हणजे तो बोंबलून सांगत होता दादा! त्याची मुंडी मुरगाळली, आणि ही बाई बोंबलली तेव्हा तिला पाट दिला. घरात करंट उतरलाय आणि तुम्ही लोक शिकले-सवरलेले, काय शोधून काढलंत, तर पाट!"

"आवाज खाली."

"वहिनी, तुम्ही कधी लावलात का हात या मशीनला?"

"मी कशाला लावू?" वहिनी सहज म्हणाली. "कपडे सत्यवतीच टाकते."

दोन महिने अख्ख्या घरात एकच बाई शॉक खात होती, म्हणून घरात शॉक नव्हता.

"मी सही करणार नाही," दत्तात्रय म्हणाला. "तुझी गाडी काढ. फरशी फोडू. दोन दिवसांत मी नवा खड्डा करून देतो, सगळे सॉकेट उघडून बघतो. फुकट करतो. मग दहा सह्या करतो."

"ती फरशी फोडायची? राजस्थानहून आणलीय ती," प्रमोददादा म्हणाला. मग त्याचा वकिली आवाज लागला. "हे बघ, तू काही एकटा परवानावाला नाहीस हैदराबादेत. घरचा म्हणून तुला मान दिला. नाही म्हणतोस, ठीक आहे."

त्यानं तिथंच उभ्यानं कुणा कंत्राटदाराला फोन लावला. दत्तात्रयनं मेन वर केला, बोर्ड बंद केला, सत्यवतीचा हात बघितला, भाजला नव्हता. तेवढ्यात फोनवर कागद आलासुद्धा. शिक्का, नंबर, सही, सगळं. 'प्रत्यक्ष पाहणी करून' असंही छापलेलं होतं. त्या पठ्ठ्यानं या घराचं फाटकसुद्धा बघितलेलं नव्हतं.

"बघ," प्रमोददादा फोन त्याच्यापुढं नाचवत म्हणाला. "दहा मिनिटं. आणि तू आयुष्यभर या एका सहीच्या तोऱ्यात फिरतोस."

दत्तात्रयनं पिशवीतून कटर काढलं आणि मशीनचा प्लग वायरीसकट कापून टाकला. वहिनी ओरडली. प्रमोददादा त्याचा दंड धरायला पुढं आला आणि कटर बघून मागे सरला. साठी ओलांडलेले दोन भाऊ श्राद्धाच्या दिवशी धुण्याच्या जागेत एकमेकांकडे बघत उभे राहिले.

पण तोंडघशी पाडलं ते सत्यवतीनं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "क्या अन्ना, क्या करे तुम? इत्ते कपडे अब कौन धोता? मैंच धोती ना हाथ से!"

"मर जाती तू उससे."

"मरती तो एकिच बार मरती. और ये कब तक बंद रहता? शाम को साब नया प्लग डलवा लेते. तुम जाते घर. मैं इधरिच रहती."

बाईचा शब्दन् शब्द खरा होता. पन्नास रुपयांचा प्लग कापून दत्तात्रयनं फक्त स्वतःचा राग थंड करून घेतला होता, आणि धुण्याचा ढीग तिच्या अंगावर टाकला होता.

त्यानं पिशवी उचलली. दिवाणखान्यात येऊन तो मघाचा कागद घेतला, त्याचा नंबर लिहिलेला, आणि घडी करून खिशात घातला. पंगत मांडून झाली होती. केळीची पानं, कोपऱ्यात भाताच्या मुदी, शेवटचं पान त्याचं.

"भाऊजी," वहिनीचा आवाज आता रडवेला होता, "असं करू नका. पितरांच्या दिवशी पानावरून कुणी जात नाही. मामंजींचं तरी मन राखा."

त्याला भूक लागली होती. आमसुलाच्या चटणीचा वास येत होता, काकूंच्या हातची होती तशीच. काका गेल्यापासून एकही तिथी त्यानं चुकवली नव्हती. हार घातलेल्या फोटोला त्यानं वाकून नमस्कार केला आणि चपला घातल्या.

"आज गेलास तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस," मागून प्रमोददादा म्हणाला.

दत्तात्रय फाटकाबाहेर पडला. घरी जाऊन त्यानं निर्मलाला, बायकोला, पिठलं टाकायला सांगितलं. श्राद्धाहून उपाशी आलेल्या नवऱ्याला तिनं गरम गरम वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो वीज कार्यालयाच्या खिडकीपुढं उभा होता. रात्रभर जागून त्यानं तक्रार लिहिली होती. घराचा पत्ता, मीटर नंबर, अर्थिंग नाही, वाढीव लोड देऊ नये, प्रत्यक्ष येऊन तपासावं, बाईच्या जिवाला धोका आहे. खाली परवान्याचा नंबर आणि पूर्ण नावानिशी सही.

खिडकीमागचा कारकून वयस्क होता. त्यानं कागद दोनदा वाचला आणि चष्म्यावरून वर बघितलं.

"चाचा, सोच लिए ना? इसमें तुमारा नाम जाता. उनकू मालूम पडता कौन दिया बोलके."

"पडने दो."

"घर में झगडा-वगडा तो नै? आडनाव एकिच दिखरा." हैदराबादेत आयुष्य काढलेला तो माणूस 'आडनाव' हा शब्द मराठीतच बोलला.

"झगडा नै. अर्थिंग नै."

कारकुनानं संगणकावर एकेक रकाना भरायला सुरुवात केली. नंबर बरोबर निघाला, परवाना चालू निघाला. मग त्याची बोटं थांबली.

"ग्राहक से रिश्ता पूछ रा इसमें. कौन लगते वो तुमारे?"

दत्तात्रयच्या मागे रांग होती. कुणीतरी बिल फडफडवत घाई करत होतं. त्यानं खिडकीच्या गजाला धरलं. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर त्याला पाठ होतं, आणि ते आत्ता त्याच्या तोंडाशी आलंही होतं.

"कोई नै लगते," तो म्हणाला. "मैं वायरमन हूं."

कारकुनानं त्या रकान्यात आडवी रेघ मारली.