गाडीतला स्टँड

पाचोडच्या बाजारात दोन बोकडांची टक्कर झाली, एवढंच. तिथं टीव्हीवाला उभ्या जागी कॅमेरा गदागदा हलवत होता. मला तवाच संशय आला. इचारलं, "स्टँड नाय व्हय?"

म्हणला, "हाय की, गाडीत."

मग लाव ना, लेका!

संध्याकाळी टीव्हीवर बातमी, पाचोडात पळापळ! मी मेंढरं धरून बसलेलो, जागचा हललो नव्हतो. पडद्यावर मात्र मीबी जीव घेऊन पळताना दिसलो. बायको माझ्याकडंच डोळे बारीक करून बघत म्हणली, "खरं सांगा, कुणाला भिऊन पळालात?"

पुढच्या बाजाराला गिऱ्हाईकच आलं नाय. टीव्हीवाला आला. या खेपेला त्यानं स्टँड काढला, कॅमेरा नीट बसवला आन् ओस बाजार दाखवला. जरासुदिक हलवला नाय.