इबादानहून आलेला आवाज

ईट गावच्या बसस्टँडजवळ दादामियाँचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागंच घर. त्या दिवशी सकाळी त्यांची लेक अनिसा ओट्यावर मेथी निवडत बसली होती. ती उझबेकिस्तानात समरकंदला डॉक्टरकी शिकते, सुट्टीला घरी आली होती. तिचा थोरला भाऊ समद नायजेरियात, इबादान शहरात, प्लॅस्टिकच्या कारखान्यात फिटर.

मोबाइल वाजला. समदच्या कारखान्याच्या फाटकाशी एक म्हातारी भात विकते. समद तिला ‘इया’ म्हणजे आई म्हणतो. स्वतःचा फोन बंद पडला की तिच्याच फोनवरनं घरी बोलतो, म्हणून तिचा नंबर अनिसाकडं होता. आज तिनं स्वतः निरोप पाठवला होता. निरोप ऐकताच अनिसाच्या हातातली जुडी खाली पडली. इया रडत होती. योरुबातली दोनच वाक्यं, ती पण धापा टाकत. त्यातलं ‘समद’ तेवढं कळलं.

समदचा फोन लावला तर बंद. इयाचा लागेना.

“काय म्हणती गं ती?” तिची आई नसीमबी आतून पळत आल्या.

अनिसानं निरोप भाषांतराच्या अ‍ॅपला ऐकवला. पडद्यावर आलं : ‘समद... नवऱ्यानं तिला उचलून नेलं. आमच्यासोबत प्रार्थना करा.’

नसीमबींनी छातीवर हात ठेवला. “शुक्र है अल्ला का! बाईमाणसाचं काहीतरी हाय. तिच्या पोरीला जावयानं नेलं आसल. आपल्या समदला सांगायला लागली बिचारी.” त्या चुलीकडं वळल्या. दादामियाँ दारातूनच परत मशीनवर जाऊन बसले.

अनिसा मात्र जागची हलली नाही. तिला त्या ‘तिला’ शब्दाची भीती वाटायला लागली.

पहिल्या वर्षी उझबेक शिकताना तिची अशीच फसगत झाली होती. उझबेकमध्ये तो, ती, ते, सगळ्यांना एकच शब्द, ‘उ’. बाई म्हणावं तर बुवा निघायचा. बाकी ती भाषा तिला आपलीच वाटली होती. बाजाराला बोझोर, किताबला कितोब, दुआला दुओ. मराठीसारखेच शब्दाला शेपटासारखे प्रत्यय लागतात, ‘आमच्या घरात’ हे सगळं एका शब्दात मावतं. ओळखीचा शब्द धरायचा आणि पुढं जायचं.

योरुबात असं धरायला फारसं काही नव्हतं. अ‍ॅपनं लिहून दाखवलेले शब्द तुटक, बारीक, प्रत्ययाविना. पण व्याकरणाच्या एका पानावर तिला हवं ते सापडलं. योरुबातही तो आणि ती एकच. अ‍ॅपनं ‘तिला’ उगाच लिहिलं होतं. उचलून नेलं होतं ते समदला.

मग नवरा कुठून आला?

नवऱ्याच्या जागी निरोपात ‘ऑकॉ’ होतं. तिनं तो शब्द शोधला. एकाच सुरात म्हटला तर नवरा, शेवट वर नेला तर कुदळ, शेवट खाली सोडला तर गाडी. उझबेकमध्ये सूर वरखाली केला तर बोलणाऱ्याचा राग-लोभ कळतो, शब्द तोच राहतो. इथं सूर हाच शब्द होता. तिनं फोन कानाला लावून इयाचा निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. रडण्यातूनही तो शेवट खाली पडत होता.

गाडी. गाडीनं त्याला उचलून नेलं.

परदेशी कामगारांना गाडीत घालून पळवल्याच्या बातम्या समदनंच तिला सांगितल्या होत्या, अम्मीला सांगू नको म्हणून. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आत्ता सांगावं तर अम्मी कोसळेल. आणि निरोपात ‘प्रार्थना’साठी आलेला शब्द होता ‘आदुरा’, म्हणजे दुआच. समरकंदला घरात मयत झाली की म्हातारी माणसं हात पसरून दुओ करतात, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. इया कसली दुआ मागायला सांगत होती?

ती परसात गेली. गाडी दवाखान्याकडं पण गेली असेल, म्हणून तिनं ‘दवाखाना’ला योरुबात काय म्हणतात ते शोधलं, त्याचा उच्चार ऐकला, पुटपुटून पाहिला. मग धीर करून निरोप बोलली : “इया, समद, ऑकॉ, इले इवोसान?” ‘ऑकॉ’चा शेवट खाली सोडताना तिचा स्वतःचाच आवाज फुटला. चुकून नवरा तर म्हटलं नाही ना?

उत्तर येईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. पाठीमागं मशीन चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं.

इयाचा आवाज आला. “बेनी, बेनी! इले इवोसान. इबा, इबा!”

शोधलं तर बेनी म्हणजे होय. दवाखाना. इबा म्हणजे ताप, हिवताप. अनिसा तिथंच मातीत बसली. पळवलं नव्हतं. पण हिवताप मेंदूत चढला तर काय करतो ते तिनं नुकतंच शिकलेलं होतं.

संध्याकाळी कारखान्यातल्या एका मॅनेजरचा फोन आला. समद मशीनपाशीच बेशुद्ध पडला होता. कारखान्याच्या गाडीनं दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं चालू आहेत, अजून डोळे उघडलेले नाहीत. तेव्हा कुठं अनिसानं आईबापांना सगळं सांगितलं.

नसीमबी आधी रडल्या, मग चिडल्या. “सकाळधरनं तुला ठावं होतं? मी हिकडं हसतीय, आन तू परसात एकटी!”

“अम्मी, माझं मलाच खरं वाटत नव्हतं. एका शब्दावर कसं सांगू?”

दादामियाँनी दुकानाचं फळकूट लावलं आणि मशिदीत गेले.

दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी समद बोलला. आवाज इतका बारीक की नसीमबींना आधी ओळखूच आला नाही.

“अम्मी, पाणी पण कडू लागतंय,” एवढंच तो म्हणाला.

नसीमबींनी फोन दादामियाँच्या हातात दिला आणि अनिसाला जवळ ओढून तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.