घरचे डॉक्टर

नवऱ्याच्या थोरल्या भावाला सगळे नातेवाईक ‘डॉक्टर’ म्हणत. कधीकाळी तो औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असायचा, एवढीच त्याची विद्या. कुणाला शिंक आली की याच्या खिशातून अँटिबायोटिक निघालंच. दोन दिवस घ्या, बरं वाटलं की सोडा! तिच्या तो पहिल्यापासून डोक्यात जायचा.

नवऱ्याच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, तरी या ‘डॉक्टर’चा दवाखाना चालूच. अंग कसकसलं की नवरा आधी दादाला फोन लावी. ती करवादली की ठरलेलं उत्तर, “दादा काय माझ्या वाइटावर आहे?”

एका दुपारी मशीनवर असतानाच नवरा हुडहुडी भरून कापायला लागला. मानेतल्या नळीवाटे जंतू रक्तात शिरले होते. नेहमीचं इंजेक्शन लागू पडेना. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं.

“एकच औषध उरलंय. बाकी कशालाच हे जंतू दाद देत नाहीत. डायलिसिसवाल्यांना तसाही हा धोका असतोच. बाहेरून काही घेत होते का?”

“घेत होते ना. घरचे डॉक्टर आहेत आमच्याकडे.”

मानेतली नळी काढून मांडीत दुसरी घातली. नवऱ्याला बघून ती वॉर्डबाहेर आली, तर बाकावर भाऊजी! शेजारच्या पेशंटच्या बायकोच्या हातात गोळ्यांचं पाकीट देत होते.

“ताप आला की हे सुरू करा. इथे बोलू नका, उगाच तपासण्या करत बसतात.”

तिने ते पाकीट काढून घेतलं आणि भाऊजींच्याच खिशात कोंबलं.

“निदान यांच्या नवऱ्याला तरी सोडा.”

“अगं, मी होतो म्हणून तो इथवर टिकला!”

“उठा.”

भाऊजींनी त्या पेशंटच्या बायकोकडे पाहिलं. ती बाई पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मग बायकांच्या अकलेबद्दल पुटपुटत स्वारी निघून गेली.

आठवडाभराने ताप उतरला. नवऱ्याने डोळे उघडून पहिलं काय विचारावं?

“दादाला काही बोलली नाहीस ना? रागावला असेल गं तो.”

मरता मरता वाचलेला माणूस, आणि तोंडावर तोच शाळकरी आज्ञाधारकपणा. भाऊजी निदान मूर्ख तरी होते. याला सगळं कळत होतं.

“बोलले. आणि तुमचा फोन आता माझ्याकडे राहील.”

“अगं, पण दादा—”

“पाय सरळ ठेवा. नळी दुमडेल.”