बांधून ठेवलेले धवले

"काका, नाव बदललं म्हणून फाइल बदलते का कधी?" शिवानीने माउस सोडला आणि खुर्ची मागे ढकलली. "बघा, परत तेच. फाइल खराब आहे म्हणतंय."

"खराब नाही गं ती. बारा वर्षं जपलीय मी," गुणाजी म्हणाला.

फाइलच्या नावातली शेवटची 'डेब' ही अक्षरं खोडून तिथे 'झिप' लिहायची अक्कल त्याचीच. काल शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर त्याने ती लढवली होती आणि रात्रभर खुशीत झोपला होता. आज कोपरला शिवानीच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या हुशारीचं पितळ उघडं पडलं.

गुणाजी मानपाड्याजवळच्या एका शाळेत शिपाई. कॉम्प्युटरची लॅब सुरू झाली तेव्हा तिची किल्ली त्याच्याकडे आली. अकरा कॉम्प्युटर, सगळे विंडोजऐवजी फुकटातल्या लिनक्सवर चालणारे. सकाळी कव्हरं काढायची, धूळ पुसायची, पोरांनी ओढलेल्या वायरी पुन्हा खोचायच्या आणि संध्याकाळी कव्हरं घालायची. याला कुणी काम म्हणत नाही, आणि एक दिवस केलं नाही तर मात्र सगळे बोंब मारतात.

बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या लिओनार्ड सरांच्या मनात आलं, की आजूबाजूच्या आगरी लग्नांतले धवले पोरांना ऐकवावेत. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं गाणं वेगळं आणि ते म्हणणारी धवलारीण मानाची. तिने तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही. भोपरच्या कमळाबाईंना सरांनी लॅबमध्ये आणलं, पंखे बंद केले आणि सतरा गाणी रेकॉर्ड केली. गुणाजी बाहेर पोरांना गप्प करत उभा होता. जाताना कमळाबाई सरांशी नाही, त्याच्याशी बोलल्या. "नीट ठेवशील ना रे? आमचा गाना कुठं जावाचा नाय."

"काकी, मी आहे ना," गुणाजीने छातीठोक सांगून टाकलं.

सरांनी ती सतरा गाणी लिनक्सच्या पद्धतीने एका पॅकेजात बांधली. एक हुकूम दिला की प्रत्येक कॉम्प्युटरवर सगळी आपोआप जाऊन बसत. कोविडमध्ये सर गेले. गेल्या मे महिन्यात गुणाजी रजेवर असताना शाळेने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले आणि टॅब्लेट आणले. गुणाजीजवळ उरला तो पॅकेजचा पेन ड्राइव्ह. तो कपाटात आहे, म्हणजे गाणी आहेत, अशी त्याची भाबडी समजूत. लिनक्सशिवाय ते पॅकेज सहजी उघडायचं नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि परवा कमळाबाईंच्या सुनेचा, दर्शनाचा, फोन आला. महिन्यापूर्वी कमळाबाईंना पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

"भाऊ, येत्या शनिवारी गावात हळद आहे आणि आईंच्या जागी मला उभं राहायचंय," दर्शना म्हणाली होती. "सहा वर्षं मी त्यांच्या मागून गायले, चाल पाठ आहे. पण हळदीच्या गाण्यात गावागावचे देव क्रमाने बोलवायचे असतात ना, तिथे मध्येच अडकते मी. एक देव जरी राहिला तरी म्हातारी माणसं उठून जातील. मग लोक डीजे लावतील आणि पुढच्या लग्नाला धवलारीण बोलवायचंच विसरतील. आईंची गाणी तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत," गुणाजीने सांगितलं होतं. आज शुक्रवारची दुपार झाली होती.

शिवानीने बराच वेळ शोधाशोध केली. "ही एक साइट आहे काका. लिनक्सचं पॅकेज टाकायचं, झिप निवडायचं, की ती बदलून देते. मग ते कुठेही उघडेल."

"म्हणजे काकींची गाणी परक्याच्या कॉम्प्युटरवर जाणार?"

"जाऊ दे ना काका, मूळ फाइल तर तुमच्याकडेच राहते. दुसरा उपाय आहे का?"

उपाय नव्हता. पण दुसऱ्याची ठेव विचारल्याशिवाय कशी द्यायची? त्याने दर्शनाला फोन लावला. ती म्हणाली, "टाका भाऊ, पटकन टाका." मगच त्याने शिवानीला मान हलवून होकार दिला.

निळी पट्टी गोगलगायीच्या चालीने पुढे सरकू लागली. आधार कार्डाची झेरॉक्स मागणाऱ्या दोघांना शिवानीने बाकावर बसवून ठेवलं. शेवटी झिप उतरली. उघडली, तर आत पुन्हा दोन बांधलेली गाठोडी.

"आता गं?" गुणाजी स्क्रीनकडे वाकला.

"ही पण टाकू. कांद्यासारखं आहे हे, सोलत जायचं."

लहान गाठोडं आधी सुटलं. त्यात गाणं नव्हतं, चार ओळींचा इंग्रजी मजकूर होता. शिवानी वाचता वाचता थांबली. "काका, मेंटेनर म्हणून तुमचं नाव आहे इथे. पूर्ण नाव, आडनावासकट."

"माझं? म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"सांभाळणारा. काही बिघडलं तर ज्याला विचारायचं, तो माणूस."

गुणाजीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर पाहिलं. पोरांना ही गाणी पहिल्यांदा ऐकवली त्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मुख्याध्यापकांचं नाव होतं, अध्यक्षांचं होतं, चहा देणाऱ्या केटररचंसुद्धा होतं. आपलं नाही याचं काही वाटत नाही, असं तो बायकोला सांगत आला होता. ते खोटं होतं, वाटत होतं. त्याला लिओनार्ड सरांचा थोडा रागच आला. जिवंतपणी एकदा सांगायला काय झालं होतं या माणसाला?

मोठं गाठोडं सुटलं. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि सगळ्यांत आत ओळीने सतरा गाणी. शिवानीने मधलंच एक लावलं आणि दुकानभर कमळाबाईंचा खणखणीत आवाज घुमला. बाकावरचे दोघे माना वळवून बघू लागले. गुणाजीला हुंदकाच आला. त्याने तो खोकल्यावर निभावून नेला.

शिवानीने सतराही गाणी दर्शनाच्या मोबाइलवर पाठवून दिली. तरी गुणाजी रिक्षा करून भोपरला गेलाच. दिलेला शब्द व्हॉट्सॲपवर पोचता करून घरी बसणाऱ्यांतला तो नव्हता.

कमळाबाई ओटीवरच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. दर्शना खाली चटईवर, आणि मोबाइल खाटेच्या कडेवर. हळदीचं गाणं सुरू होतं. कमळाबाई रडल्या नाहीत. उलट कुणी दुसऱ्या गावची धवलारीण काय दिवे लावते ते पाहावं, तशा भुवया चढवून स्वतःचा आवाज ऐकत होत्या. दर्शना त्या आवाजाच्या मागून हळू म्हणत होती. अडायची जागा आली. मोबाइलमधून देवाचं नाव आलं, ते तिने उचललं आणि पुढे गेली.

गाणं तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी तिचा आवाज मागून निघाला आणि दोन कडव्यांत बरोबरीला आला. तेवढ्यात कमळाबाईंचा डावा हात पांघरुणातून बाहेर निघाला. त्यांना पाणी हवं असेल असं वाटून गुणाजी तांब्या घ्यायला वळला. पण हात मोबाइलकडे गेला. एक बोट काचेवर चाचपडलं, दोनदा आपटलं आणि गाणं बंद पडलं.

दर्शना दचकली आणि तिचंही तोंड मिटलं.

"आई? चुकलं का काही?"

कमळाबाईंनी मान हलवली. नाही. मोबाइल त्यांनी उशीखाली सरकवला आणि खाटेच्या लाकडावर तळहाताने ठेका धरला. एकदा, दोनदा. मग सुनेकडे बघत हनुवटी वर उचलली.

दर्शनाने पदर सारखा केला, श्वास घेतला आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. अडायची जागा आली. गुणाजीने हातातला तांब्या घट्ट धरला. तिने देवाचं नाव घेतलं, त्याच्या पुढच्या गावचं घेतलं, त्याच्याही पुढच्या, आणि खाटेवरचा ठेका जरासुद्धा हलला नाही.