शर्टाच्या खिशाएवढे अंतर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. माझे सुरुवातीचे आकडे पुसले गेले आहेत आणि टोकाची पितळी पट्टी कधीच निखळून पडली आहे. तरीही मी शिंप्याची मापाची टेप आहे, जुनी आणि आता कुणालाच नको असलेली.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले गेले. आमच्या शिंपी मास्तरांनी मला विकत आणले आणि तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यातच राहिले. साऱ्या गल्लीचे खांदे आणि बाह्या मला तोंडपाठ होत्या. मास्तर नेमक्या मापाला कापड कधी कापत नसत. शिवणीच्या आत दोन बोटे जास्त सोडत. माणूस आज बारीक, उद्या जाड, असे त्यांचे म्हणणे. लोक त्यांचे गुण गात आणि मी उगाच फुशारून जाई.

मास्तरांना एकच मुलगी. तिला सगळे बटण म्हणत. ती शिकली आणि नोकरीसाठी दूर देशी गेली. त्या दिवशी तिची आई जेवली नाही. तिची समजूत घालायला मास्तरांनी बटणचा शाळेतला पृथ्वीगोल फळीवरून काढला, इथल्या आणि तिथल्या विमानतळावर पेनाने टिंबे केली आणि मला त्यावर ताणून धरले. सव्वाचार इंच भरले.

“बघ, शर्टाच्या खिशाएवढं अंतर,” मास्तर म्हणाले. “विमानानं आठ तास. हाक मारली की येईल.”

बाई हसल्या. पुढे लेकीची आठवण आली की त्या मला मागून घेत आणि पुन्हा मोजत. दर वेळी सव्वाचारच भरत आणि त्यांच्या जिवाला बरे वाटे.

मग बाई आजारी पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितले की फार तर दोन दिवस आहेत, मुलीला बोलावून घ्या. मास्तरांनी फोन उचलला आणि परत ठेवला. पोरीच्या जिवाला आत्ताच घोर कशाला, आठ तासांचा तर प्रवास, सकाळी सांगू, असे ते पुटपुटले. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

सकाळी फोन गेला. पण तिकडून दिवसाला एकच विमान सुटायचे आणि ते नुकतेच उडून गेले होते. दुसऱ्या दिवसाची जागा मिळाली. तिच्या घरापासून विमानतळ लांब. तिथे कितीतरी आधी जाऊन बसायचे. इकडे उतरल्यावर तपासणीची रांग, सामानाची वाट, मग पुन्हा रस्ता. आठ तास होते ते फक्त आकाशातले. बाकीचे माझ्या सव्वाचार इंचांत कुठेच नव्हते.

बाई दाराकडे पाहत राहिल्या. बटण आली का, असे विचारत राहिल्या. मग विचारायच्या थांबल्या.

बटण पोहोचली तेव्हा खाट रिकामी होती. बॅग दारातच टाकून ती खाटेच्या कडेला बसली.

“बाबा, डॉक्टर बोलले त्याच संध्याकाळी का नाही सांगितलंत?”

मास्तरांनी मला गळ्यातून काढले.

“नेमक्या मापाला कापलं गं,” ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला कधी गळ्यात घातले नाही. पृथ्वीगोलाला गुंडाळून त्यांनी मला फळीवर ठेवले. आता दुकानही बंद असते. मित्रांनो, धुळीबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या घरात कुणी कुणाची वाट पाहत असेल, तर निरोप आजच धाडा, एवढेच मागते. मास्तरांनी अनोळखी गिऱ्हाइकाच्या शर्टालाही दोन बोटे जास्त सोडली. बायकोच्या वेळेला मात्र ती सोडायची राहून गेली.